वस्तू परत आणली, पुढे काय?

अश्मक

कोहिनूरचं नाव निघालं की दोनशे प्रतिसाद पडतात आणि शेवटी कुणीतरी कुणाला तरी 'इंग्रजांचा जावई' म्हणतं. म्हणून कोहिनूर मुद्दाम बाजूला ठेवतोय. (कुणीतरी आणणारच, त्याला इलाज नाही.)

मला बोलायचंय ते पत्तूरच्या नटराजाबद्दल. १९७६ साली तमिळनाडूत तंजावरकडच्या या गावी खणता खणता एका मजुराला चोळकाळातल्या धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यात हा नटराज होता. दलालांच्या हातून फिरत तो लंडनला पोचला, वाटेत खोटे कागद जोडले गेले आणि कॅनडातल्या एका कंपनीने तो विकत घेतला. १९८२ मध्ये मूर्ती डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी ती जप्त केली.

कोर्टात पुढे जे झालं ते मुळातून वाचावं असं आहे. भारत सरकार, तमिळनाडू सरकार आणि देऊळ हे दावेदार होतेच, पण त्या पडक्या देवळातलं शिवलिंगही दावेदार म्हणून उभं होतं! मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा तज्ज्ञांनी तपासल्या, त्याच जागी निघालेल्या बाकीच्या मूर्तींशी ताडून पाहिल्या. १९८८ मध्ये निकाल देवळाच्या बाजूने लागला, १९९१ मध्ये अपिलातही टिकला आणि नटराज भारतात आला.

आला, पण पत्तूरच्या गाभाऱ्यात नाही. त्याला तिरुवारूरच्या मूर्तिकेंद्रात, म्हणजे देवळांतल्या मूर्ती सांभाळणाऱ्या सरकारी कोठारात ठेवण्यात आलं. हजारो मूर्ती, गज, कुलूप, पहारा. ज्या देवळाने लंडनच्या कोर्टात मालकी सिद्ध केली, त्याच देवळात मूर्ती नाही.

तर प्रश्न असा. लुटलेली, चोरलेली वस्तू परत द्यावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'परत' म्हणजे कुणाला? देशाला, राज्याला, गावाला, देवाला की राजघराण्याला? आणि ती तिथलीच आहे हे कशावरून? या दोन प्रश्नांशिवाय सगळी चर्चा मला पोकळ वाटते. बोला.

तिरकस

आमच्या घरात दरोडा पडला. दरोडेखोर पकडला गेला. आता तो विचारतोय, "दागिने परत दिले तर तुम्ही कपाटात ठेवाल की बँकेत? आधी ते सांगा." अश्मकराव, तुमचा दुसरा प्रश्न रास्त आहे. पहिला मात्र विचारायचा हक्क आपल्याला आहे, त्यांना नाही.

अश्मक

@तिरकस, म्हणून तर इथे विचारतोय, लंडनला नाही.

कलम४२०

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण अशा चर्चेत तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

१९७० च्या युनेस्को करारानंतर (सांस्कृतिक वस्तूंचा चोरटा व्यापार रोखणारा करार) चोरून बाहेर गेलेल्या वस्तू, ही पहिली गोष्ट. त्या परत मिळवणं तुलनेने सोपं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ५० लाख डॉलरच्या घरात एक नटराज विकत घेतला होता. तो तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातून चोरीला गेला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये त्याच देवळात काढलेले फोटो पुढे आले, विकणाऱ्याने दिलेले मालकीचे कागद बनावट निघाले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारताला परत मिळाली. विकणारा सुभाष कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला, २०१२ मध्ये भारताच्या ताब्यात आला आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली.

वसाहतकाळातली लूट ही दुसरी गोष्ट. युनेस्कोचा करार मागच्या तारखेपासून लागू होत नाही, त्यामुळे इथे कायद्याचा आधार फारसा नाही. नीती, मुत्सद्देगिरी आणि लाजलज्जा यांवर सगळं चालतं. त्यात ब्रिटिश म्युझियम १९६३ च्या स्वतःच्या कायद्याकडे बोट दाखवतं: दुसरी प्रत असेल किंवा वस्तू निरुपयोगी झाली असेल अशा मोजक्या कारणांखेरीज संग्रहातली वस्तू काढून टाकता येत नाही. सोयीचा कायदा आहे. फ्रान्सलाही असाच अडथळा होता, पण त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये खास कायदा केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अबोमीच्या राजवाड्यातून लुटलेल्या २६ वस्तू बेनिन देशाला दिल्या. म्हणजे मनात असेल तर कायदा आडवा येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तह, भेट, खरेदी. यात कोहिनूर. (सॉरी अश्मक.) १८४९ च्या लाहोर तहाच्या तिसऱ्या कलमात तो इंग्लंडच्या राणीला द्यावा असं लिहिलंय. तह ज्याच्या नावाने झाला तो शिखांचा राजा दलीपसिंग तेव्हा १० वर्षांचा होता. आणि २०१६ मध्ये आपल्याच सॉलिसिटर जनरलनी सुप्रीम कोर्टात सांगितलं की हिरा ना चोरलाय, ना जबरदस्तीने नेलाय! ओरड झाल्यावर सरकारने सारवासारव केली, पण बाण सुटला तो सुटलाच.

झब्बू

आला कोहिनूर. तिसऱ्या प्रतिसादाच्या आत येईल अशी पैज लावली होती, थोडक्यात हरलो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काचेआड

मी काही वर्षं एका संग्रहालयाच्या कोठारात काम केलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शिव्या नंतर घाला.

संग्रहालयातल्या वस्तूचा जीव तिच्या तळाशी असतो. तिथे वार्निशच्या पातळ थरावर बारीक अक्षरात नोंद क्रमांक लिहिलेला असतो. तोच क्रमांक जाडजूड रजिस्टरात. रजिस्टरात वस्तूचं वर्णन, माप, आल्याची तारीख आणि एक रकाना: कशी मिळाली. वसाहतकाळातल्या वस्तूंचा सगळा झगडा या एका रकान्यात आहे. तिथे 'देणगी' लिहिलेलं असतं. देणाऱ्या साहेबाला ती कुठून मिळाली, ते लिहिलेलं नसतं. रकाना खोटा नसतो, अर्धा असतो.

"आमच्याकडे वस्तू सुरक्षित आहेत" हा पाश्चात्त्यांचा युक्तिवाद मी फार ऐकलाय. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २,००० वस्तू गहाळ, चोरीला किंवा खराब झाल्याचं बाहेर आलं. त्यातल्या कितीतरींची नीट नोंदच झालेली नव्हती. एका व्यापाऱ्याने २०२१ मध्येच सावध केलं होतं, त्याला वाटेला लावलं गेलं. शेवटी संचालकांना पद सोडावं लागलं. त्याआधी १९३७-३८ मध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची शिल्पं पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली होती, तीही याच म्युझियममध्ये. तेव्हा सुरक्षिततेचा दाखला त्यांनी आता देऊ नये.

पण दुसरंही बघा. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून १५,००० च्या आसपास वस्तू लुटल्या गेल्या. २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळून खाक झालं. जगातलं सगळं एकाच जागी असू नये, या म्हणण्यात तथ्य आहे. माझं मत: वाद असलेली वस्तू परत द्यावी, पण सगळंच आपापल्या देशात गोळा करायचं हे खूळ आहे. दुसऱ्या संस्कृतीची एखादी वस्तू समोर उभं राहून बघणं हीसुद्धा गरज आहे.

तिरकस

काचेआडकाका, गरज आहे ना? मग त्यांनी आपल्याकडच्या मूर्ती बघायच्या आणि आपण त्यांच्याकडचं काय बघायचं? राफाएलचं एखादं चित्र आफ्रिकेतल्या संग्रहालयात कायमचं ठेवलंय असं ऐकलंय का कधी? 'जगाचं संग्रहालय' नेमकं लंडन-पॅरिसलाच का असतं?

काचेआड

याला माझ्याकडे उत्तर नाही. मुद्दा बिनतोड आहे.

बाय द वे, रिओचं पुढचं सांगायचं राहिलं. त्या जळालेल्या संग्रहालयालाच २०२४ मध्ये डेन्मार्कने तुपिनांबा लोकांचा लाल पिसांचा झगा परत दिला. 'तुमच्याकडे आग लागली होती' असं म्हणत अडून बसले नाहीत.

सांजवात

'परत म्हणजे कुणाला' यावर बेनिन ब्राँझइतकं झणझणीत उदाहरण नाही. (हे बेनिन शहर नायजेरियात आहे. वर कलम४२० यांनी सांगितलेला बेनिन देश वेगळा, घोळ नको.)

१८९७ मध्ये इंग्रज फौजेने तिथला राजवाडा लुटला आणि जाळला. पितळेचे हजारो नक्षीदार फलक, मुखवटे, हस्तिदंती काम युरोपभर विकलं गेलं. ही लूट होती याबद्दल आज कुणी वाद घालत नाही. जर्मनीने २०२२ मध्ये हजारावर वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली आणि डिसेंबरात २० वस्तू प्रत्यक्ष नेऊन दिल्या. सगळे खूश. मार्च २०२३ मध्ये मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की या वस्तूंचा मालक ओबा, म्हणजे तिथला पारंपरिक राजा. झालं! केंब्रिज विद्यापीठ शंभरावर वस्तू देणार होतं, त्यांनी मे महिन्यात कार्यक्रम पुढे ढकलला. जर्मन वर्तमानपत्रांत सुरू झालं, "आम्ही देशाला दिलं की राजाला?" २०२५ मध्ये नेदरलँड्सने मात्र ११९ वस्तू देऊन टाकल्या.

तिकडे बेनिन शहरात परदेशी पैशाच्या मदतीने नवं संग्रहालय उभं राहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर ओबाचे समर्थक आत घुसले आणि उद्घाटन बारगळलं.

अजून एक पदर आहे. या ब्राँझसाठी लागलेलं पितळ कड्यांच्या रूपात युरोपातून यायचं, आणि त्या कड्यांच्या बदल्यात माणसं गुलाम म्हणून विकली जायची. अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचा एक गट म्हणतो, आमच्या पूर्वजांना विकून मिळालेल्या धातूचं हे काम आहे, ते विकणाऱ्या राजाच्या घराण्याला कसं देता? हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प होते. बरोबर उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

तिरकस

उत्तर सापडलं नाही म्हणून लुटणाऱ्याकडे राहू द्यायचं?

सांजवात

नाही. द्यायचंच. भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं, जर्मन वर्तमानपत्रांनी नव्हे. मी फक्त एवढंच म्हणतेय की देशाच्या झेंड्यात गुंडाळलं की मालकीचा प्रश्न सुटतो असं नाही.

घोडेस्वार

वाघनखांचं कुणी बोलतच नाहीये? जुलै २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने वाघनखं पाठवली, साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली. तीन वर्षांसाठी, उसनी! आपलीच वस्तू उसनी घ्यायची आणि सोहळा करायचा. वर ते म्युझियम स्वतःच सांगतं की ही वाघनखं महाराजांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याला साताऱ्यात कुणीतरी ती दिली, त्यावरून ही कथा आहे.

कलम४२०

उसनं देण्याची ही युक्ती घानाबाबतही वापरली. अशांती राजाचं लुटलेलं सोनं, ३२ वस्तू, २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी 'कर्जाऊ' पाठवल्या. कर्जाच्या कागदावर सही केली की मालक समोरचा आहे हे आपण कबूल केल्यासारखं होतं, म्हणून ग्रीस पार्थेनॉनच्या शिल्पांबाबत असल्या कागदावर सही करायला तयार नाही. ग्रीकांनी त्याऐवजी २००९ मध्ये अक्रोपोलिसच्या (पार्थेनॉनच्या टेकडीच्या) पायथ्याशी नवं संग्रहालय उघडलं. वरच्या मजल्यावर शिल्पपट्टी मूळ देवळातल्या क्रमाने लावलीय. जे लंडनला आहे त्याच्या जागी पांढऱ्याफटक प्लास्टरच्या प्रती. शेजारी मधाच्या रंगाचा मूळ संगमरवर. कुणी भाषण द्यायची गरजच नाही.

पाटीपेन्सिल

आणि रघुजी भोसल्यांची तलवार? ती तर राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाखांच्या आसपास मोजून घेतली. पिप्रहव्याची रत्नं, म्हणजे बुद्धाच्या अस्थींबरोबर १८९८ मध्ये उत्खननात निघालेली, तीही मे २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाली होती. सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला, आणि जुलैत एका भारतीय उद्योगसमूहाने पैसे मोजून ती आणली. आपलीच वस्तू विकत घेणं बरोबर का? मला पटत नाही. यातून लिलाववाल्यांना कळतं की भावनेला भाव आहे.

घोडेस्वार

विकत घेतली म्हणून निदान आली तरी. खाजगी माणसाच्या तिजोरीत गेली असती तर पुढची शंभर वर्षं दिसली नसती. त्या तलवारीचं पातं युरोपी घडणीचं आहे आणि त्यावर देवनागरीत रघोजी भोसल्यांचं नाव आहे. असली वस्तू तत्त्वासाठी सोडून द्यायची?

अश्मक

दोघांचंही बरोबर आहे. तलवारीवर नाव होतं म्हणून ती ओळखली गेली, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे ते जातं.

त्याआधी एक गैरसोयीची गोष्ट. परत मागणाऱ्यांत आपण असतो तसे, ज्यांच्याकडे मागता येईल अशांतही आहोत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने मध्य आशियातून आणलेल्या वस्तूंचा मोठा साठा आहे. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेतलं सामान त्याने १९०७ मध्ये तिथल्या एका साधूला थोडेसे पैसे देऊन उचललं. मोहिमेला ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा पैसा होता म्हणून वाटणीत आपल्याला मोठा हिस्सा आला. चीनने मागितलं तर? तेव्हा आपण कुठला युक्तिवाद करणार, 'सुरक्षित आहे' की 'खरेदी आहे'?

आणि फाळणीत तर मोहेंजोदडोचा हार मणी मोजून अर्धा अर्धा वाटला गेला. एक अर्धा इकडे, एक तिकडे. नर्तकीची मूर्ती दिल्लीत राहिली, दाढीवाला 'पुरोहित राजा' १९७२ च्या सुमारास पाकिस्तानला गेला. नर्तकी परत मिळावी म्हणून २०१६ मध्ये लाहोरच्या कोर्टात अर्जही झाला होता.

तिरकस

चीनला एक तुकडाही देऊ नये.

(हो, कळतंय मी काय बोललो ते. तरीही.)

झब्बू

धाग्यातला सगळ्यात प्रामाणिक प्रतिसाद. +१

सांजवात

काशीच्या अन्नपूर्णेचा उल्लेख नाही झाला. १९१३ च्या सुमारास वाराणसीतून एका कॅनेडियन वकिलाने नेलेली छोटी दगडी मूर्ती, रेजायना विद्यापीठाच्या कलादालनात होती. हातात खीर आणि पळी आहे म्हणून ती अन्नपूर्णा, हे एका कलाकाराच्या नजरेमुळे कळलं. तोवर तिथे नाव वेगळंच होतं. विद्यापीठाने कुठलीही खळखळ न करता परत दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथाच्या आवारात तिची प्रतिष्ठापना झाली. म्हणजे परत आलेली मूर्ती पूजेत बसू शकते. पत्तूरलाच का नाही?

काचेआड

कारण काशीला चोवीस तास पोलीस आहेत. आडगावच्या देवळाला एक कुलूप असतं, तेही नेहमी लावलेलं नसतं. मूर्ती गाभाऱ्यात ठेवली आणि पुन्हा चोरीला गेली तर जबाबदारी कुणाची? म्हणून अधिकारी मूर्तिकेंद्राचा मार्ग धरतो. मूर्तिकेंद्रावर राग काढण्याआधी त्या अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून बघा.

पण मान्य करतो, ही तात्पुरती सोय म्हणून सुरू झाली आणि कायमची झाली. परदेशातून केंद्र सरकारकडे परत येणाऱ्या वस्तूंचंही तेच. २०१४ पासून २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत ६४० वस्तू परत आल्या, त्यातल्या ५७८ एकट्या अमेरिकेतून, असा सरकारी आकडा आहे. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात २०१९ मध्ये अशा वस्तूंचं दालन उघडलं, ते चांगलं झालं. पण बऱ्याच वस्तूंचं मूळ गाव कुठलं हेच कागदावर नाही. 'मध्य भारत, ११ वं शतक' एवढं वाचून कुठल्या देवळाच्या दारात नेऊन ठेवणार?

अश्मक

नेमकं हेच म्हणायचं होतं. श्रीपुरंदानचा नटराज परत आला तो कुणाच्या भाषणाने नाही, १९९४ च्या फोटोने. अनंतमंगलमचे राम-लक्ष्मण-सीता १९७८ मध्ये चोरीला गेले आणि २०२० मध्ये ब्रिटनने परत दिले, ते १९५८ मध्ये काढलेल्या फोटोंमुळे. दोन्ही वेळा फोटो पाँडिचेरीच्या त्याच संस्थेचे. त्या लोकांनी तेव्हा देवळं पालथी घातली नसती तर आज आपल्या हातात काय होतं?

आपण लंडनवर मोर्चे काढायला एका पायावर तयार असतो. १९८० मध्ये अंतुल्यांनी भवानी तलवार आणण्याची घोषणा केली तेव्हापासून हे चालू आहे. आणि ज्या देवळातून मूर्ती उद्या जाणार आहे, तिथला एक फोटो कुणाकडे नसतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात नोंदणीची तरतूद आहे, पण कितीतरी देवळांतल्या मूर्ती आजही कुठल्याच यादीत नाहीत. २०१३ च्या कॅगच्या अहवालात तर ९२ संरक्षित स्मारकंच जागेवर सापडली नव्हती! मूर्तींचं काय घेऊन बसलात.

पाटीपेन्सिल

मग आम्ही सामान्य माणसांनी करायचं काय? फोटो काढून फेसबुकवर टाकले तर चोरालाच पत्ता मिळेल.

काचेआड

टाकू नका. फोटो काढा, विश्वस्तांच्या परवानगीने, आणि एक प्रत विश्वस्तांकडे, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे द्या. समोरून काढलेला, हारफुलांनी झाकलेला फोटो काही कामाचा नाही. पोशाख उतरवल्यावर, अभिषेकाआधी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, तळाचा. कुठे बोट तुटलंय, कुठे झीज आहे, कुठे जुना सांधा आहे, त्याचे जवळून वेगळे. ओतीव मूर्तीचा साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढतात, त्यामुळे हुबेहूब दुसरी नसते. एखादा डाग, ओतताना राहिलेलं भोक, बोटांमधलं अंतर यावरून ती जगात कुठेही ओळखता येते.

तिरकस

पाठीमागून कशाला? देवाला पाठीमागून कोण बघतं?

काचेआड

चोर मूर्ती विकण्याआधी चेहरा, हात घासूनपुसून बदलतो. पाठीला सहसा हात लावत नाही.

तिरकस

पटलं. पुढच्या महिन्यात आमच्या ट्रस्टची बैठक आहे, विषय ठेवतो. मोजपट्टी किती लांबीची लागते?

काचेआड

१० सेंटिमीटरची पुरते. मोठ्या मूर्तीला ३० ची घ्या. आणि फोटोच्या फाईलच्या नावात देवळाचं नाव आणि तारीख टाका. 'आयएमजी ४७' असं नाव असलेले फोटो दहा वर्षांनी कुणालाच लागत नाहीत.